ओहायोवाल्यांचं ‘तू’

हाल्डेनबाख, १५ जानेवारी २००६

प्रिय आनेग्रेट,

ईमेल न करता पत्र लिहितोय, कारण आमचे ईमेल आता ओहायोत वाचले जातात असा कामगार मंडळाला संशय आहे. मंडळाचा अध्यक्ष मीच असल्यामुळे संशयही मलाच घ्यावा लागतो.

कारखाना विकला गेला, हे कळलं असेलच. शंभर वर्षं या गावात वजनकाटे बनवणारा क्नाउपांचा कारखाना, ज्याच्या ढलाईखात्यात माझी एकोणतीस वर्षं गेली, तो डिसेंबरात अमेरिकेतल्या ओहायोच्या एका कंपनीने गिळला. मालक डॉ. ओट्टोकार क्नाउप स्वतः निरोप घ्यायला खाली आले. एकेकाचा हात हातात घेतला. मला म्हणाले, “श्री. हेगेले, तुम्ही मला क्षमा करा. जगाचा रेटाच असा आहे.” डोळ्यांत पाणी होतं गं. एवढ्या वर्षांत या माणसाने मला एकदाही ‘तू’ म्हटलं नाही.

आणि ओहायोवाल्यांचं पहिलं फर्मान काय? सोमवारपासून सगळ्यांनी सगळ्यांना नावाने हाक मारायची आणि ‘तू’ म्हणायचं! तपासणीखात्यातली श्रीमती क्लेम आणि रंगखात्यातले श्री. फाइट बावीस वर्षं एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतात. मधे दोन वर्षं त्यांचं काहीतरी होतं असं सगळा कारखाना म्हणतो, पण तेव्हाही ‘तुम्ही’च होतं. आता एका परिपत्रकाने बाई त्यांना “ए डीटमार” म्हणणार का?

नवी साहेबीण शेरिल डॉब्स. पन्नाशीची, पायांत पांढरे बूट, तोंडभर दात. सोमवारी ‘तू’ आलं आणि शुक्रवारी यादी आली. दोनशे दहांतले अठ्ठेचाळीस जण काढायचे. कामगार मंडळाने मार्चअखेर उत्तर द्यायचंय, म्हणजे मी. माझ्या सहीशिवाय त्यांचं घोडं अडणार, पण सही अडवायला मुद्दा तर हवा.

तुला लिहायचं कारण असं, की तू तीस वर्षं सिनेमांच्या डबिंगमध्ये अमेरिकनांच्या तोंडात आपली जर्मन भाषा घालतेस. तो माणूस ‘तू’ म्हणतो तेव्हा त्याच्या पोटात काय असतं, सांग. दुसरं म्हणजे, आमच्या चित्रपट मंडळाच्या ‘पैशाचं खरं तोंड’ या मालिकेचं यंदा अकरावं वर्ष. आमंत्रणाचे लिफाफे अजून मीच घरोघर वाटतो. तुझा नवा सिनेमा मार्चमध्ये मिळेल का? यंदा तो गावाने बघायलाच हवा.

तुझा मावसभाऊ,
विनफ्रीड

बर्लिन, २४ जानेवारी

प्रिय अध्यक्षमहाराज,

तुझी पत्रं वाचायला ओहायोत माणूस ठेवायचा तर आधी त्याला तुझं व्याकरण शिकवावं लागेल. इतका खर्च कुठलीही कंपनी करणार नाही. बिनधास्त ईमेल कर.

‘तू’ म्हणताना अमेरिकनाच्या पोटात काय असतं? काहीही नसतं. त्यांच्याकडे एकच शब्द आहे. तो कुत्र्यालाही चालतो आणि न्यायाधीशालाही. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ त्यात मी घालते, इथे तळघरातल्या स्टुडिओत, गार कॉफी पीत. धंद्याचा नियम साधा आहे. नायक-नायिका पलंगावरून उठली की दुसऱ्या सकाळपासून ‘तू’. पुढे भांडून वकिलाकडे गेली तरी ‘तू’च. पण कारखान्याचा मालक कामगाराला घालवून देतो तेव्हा काय म्हणतो? त्यावरूनच सध्या माझी इथे जुंपली आहे.

सिनेमाचं नाव नुसतंच ‘मिलडेल’, गावाचं नाव. आपल्या वितरकाला ते पुरलं नाही. त्याने पुढे रेघ मारून ‘मिलडेल – काळजाला टाळं’ असं केलं. आपल्या प्रेक्षकाला नावातच निकाल लागतो. सिनेमात मालक एका म्हाताऱ्या कामगाराला बोलावतो, पुठ्ठ्याचा खोका देतो आणि म्हणतो, पाच मिनिटांत सामान भर. या प्रसंगाला आपली माणसं दर वेळी हसतात. “नोटिशीचे तीन महिने कुठे गेले? कामगार मंडळ कुठे आहे?” दिग्दर्शक म्हणतो, मालकाला ‘तू’ म्हणू दे. अमेरिकन आहे, उद्धट वाटला पाहिजे, प्रेक्षकाला बरं वाटतं. मी म्हणते, ‘तुम्ही’ हवं. मी आयुष्यात तीनदा नोकरीवरून गेले, तिन्ही वेळा अतिशय अदबीने.

आणि हा सिनेमा काढला कोणी, माहीत आहे? ज्या कंपनीने काढला तिच्या विमा कंपन्या आहेत, वाहिन्या आहेत, खेळण्यांची दुकानं आहेत. मोठ्या धंद्याला शिव्या घालणं हाही त्यांचा एक मोठा धंदा आहे, आणि आपण त्यांचं सगळ्यांत भरवशाचं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे शिव्या दोन आठवडे चालतात. आपल्याकडे परिसंवादासकट दोन वर्षं.

रीळ पाठवते. पण मला एक सांग, ती यादी केली कोणी?

आनेग्रेट

हाल्डेनबाख, ९ फेब्रुवारी

प्रिय आनेग्रेट,

बर्लिनमध्ये बसून टोमणे मारणं सोपं असतं. आमच्या इथे जिवावर बेतलंय. यादी केली कोणी, हा काय प्रश्न झाला? ओहायोने केली! आणखी कोण करणार?

इतकी थंड डोक्याची यादी मी जन्मात पाहिली नाही. नमुना बघ. “श्री. डोब्लर, ढलाई: गुडघा.” “श्री. फाइट, रंग: पत्नी आजारी, रजा वाढतील.” “श्रीमती क्लेम, तपासणी: निवृत्ती जवळ, विरोध करणार नाहीत.” डोब्लरचा गुडघा २००३च्या कारखान्याच्या सहलीत धबधब्याच्या पायऱ्यांवर निखळला. आम्ही पाच-सहा जणच होतो तिथे. ओहायोत बसून यांनी ते शोधून काढलं! ही माणसं काय काय माहिती काढतात, विचारू नकोस. मंडळातले सगळे अक्षरशः गार पडले.

पण गाव आमच्या बाजूने आहे. परवा मालिकेतला दुसरा सिनेमा झाला. चर्चेत डॉ. क्नाउप उठले आणि म्हणाले, “तिकडे आधी आकडा, मग माणूस. आपल्याकडे आधी माणूस.” दोन मिनिटं टाळ्या चालल्या होत्या. अकरा वर्षं हा माणूस पहिल्या रांगेत बसतो. सभागृह त्यांनी मिळवून दिलं, यंत्र त्यांचं, वाइनही त्यांचीच. ‘मिलडेल’च्या आधी बोलायलाही तेच उभे राहणार आहेत.

शेरिलचं काय सांगू! घरून स्वतः तळलेले डोनट घेऊन आली. मधोमध भोक असलेले. कोणी हात लावला नाही. मी एक खाल्ला, पण निषेध म्हणून अर्धाच. राहत्या इमारतीत तिच्या दारावर शेजारणीने जिना झाडायच्या पाळीची पाटी अडकवली, तर ही समजली स्वागताची भेट! पाटी आत नेऊन भिंतीवर टांगली. तीन आठवडे जिना कोणी झाडला नाही, इमारतीत युद्ध पेटलंय. आणि हिला सिनेमाला यायचंय म्हणे! “तू बोलावशील का मला, विनफ्रीड?”

नव्या ‘तू’चा आनंद फक्त एकीला झालाय. सफाईवाली योवांका. काल मला म्हणाली, “विनफ्रीड, पाय उचल.” मी बघतच राहिलो. ती म्हणाली, “बघतोस काय? पंधरा वर्षं तुम्ही सगळे मला ‘तू’च म्हणत होतात. आता जरा मलाही म्हणू दे की.” याला काय उत्तर द्यायचं?

विनफ्रीड

बर्लिन, १४ फेब्रुवारी

विनफ्रीड,

योवांकाला उत्तर नाही. तू पाय उचल.

आता नीट वाच, मी हळूहळू लिहिते. अमेरिकन माणूस खाजगी यादीत कोणाच्याही नावामागे ‘श्री.’ लावत नाही. तो ‘डोब्लर, एच.’ लिहून मोकळा होतो. घालवून द्यायच्या माणसालाही ‘श्री.’ म्हणायचं, ही सवय आपली. आणि डोब्लरचा गुडघा त्या पायऱ्यांवर निखळला तेव्हा तिथे असलेल्या पाच-सहांत कोण कोण होतं, ते आठव. मोजायला हाताची बोटं पुरतील.

अरे बैलोबा, वाईट माणूस सिनेमात कसा दिसतो हे तू अकरा वर्षं शिकलास, आणि तो शेजारी बसून वाइन ओततो तर तुला ओळखू येत नाही.

शेरिलला सिनेमाला बोलाव. त्याआधी जाऊन तिला सरळ विचार.

आनेग्रेट

हाल्डेनबाख, ६ मार्च

प्रिय आनेग्रेट,

तुझं पत्र वाचून तीन आठवडे तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. परवा शेवटी शेरिलकडे गेलो.

म्हणालो, “यादी तू कशी केलीस?”

ती म्हणाली, “मी? ती कारखान्याबरोबर आली. जशी यंत्रं आली तशी.”

तिने कपाटातून फाइल काढली. विक्रीच्या कराराचं परिशिष्ट. तारीख गेल्या ऑगस्टची. उन्हाळी मेळाव्यात डॉ. क्नाउप टेबलावर चढून म्हणाले होते ना, ‘आपण एक कुटुंब आहोत’, त्याच्या आधीचा शुक्रवार. अठ्ठेचाळीस नावं, शेरे, खाली त्यांची झोकदार सही. माणसं कमी करता येतील असं दाखवलं की कारखान्याला भाव जास्त येतो, हे शेरिलने मला समजावलं. लहान मुलाला समजावतात तसं.

“मला सांगितलं होतं, तुमच्या मंडळाला सगळं ठाऊक आहे,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्ही सगळे माझ्यावर डोनटमुळे नाराज आहात.”

ती काही देवदूत नाही हं. मी म्हटलं, मग यादी फाडून टाक. तर म्हणाली, “का फाडू? माणसं जास्तच आहेत असं माझंही मत आहे. पण नावं माझी नाहीत. तुला प्रत हवी तर घे. तू विचारलंस म्हणून. आधी कोणी विचारलंच नाही.”

उठता उठता तिला त्या ‘तू’च्या फर्मानाबद्दलही विचारलं. कंपनीचं धोरण, सपाट रचना, आपलेपणाचं नाटक... आम्ही मंडळात त्यावर चार पानी निवेदन लिहिलं होतं. ती लाजली. तिची आजी आपल्याच हेस्सेनच्या खेड्यातली. भाषा तिच्याकडून शिकली, आणि आजी आयुष्यात कोणाला ‘तुम्ही’ म्हणाली नाही. “मला ते दुसरं चालवताच येत नाही, विनफ्रीड. क्रियापदं चुकतात. म्हटलं, सगळ्यांनीच ‘तू’ म्हटलं तर माझी चूक दिसणार नाही.”

यादीच्या शेवटी एक जादा नाव होतं. आमच्या मंडळाकडे आलेल्या प्रतीत ते नव्हतं. शब्दशः उतरवतो: “श्री. हेगेले, मंडळाचे अध्यक्ष. कायद्याने काढता येत नाहीत. अमेरिकेविरुद्धच्या चित्रपटांचा नाद आहे. तो चालू ठेवावा. खर्च किरकोळ.”

अकरा वर्षं, आनेग्रेट.

चोवीसला सिनेमा आहे. आधी डॉ. क्नाउपच बोलणार आहेत. मी काय करू?

विनफ्रीड

बर्लिन, १० मार्च

प्रिय विनफ्रीड,

पहिल्यांदाच तुझं पत्र वाचून हसले नाही. मग पाच मिनिटांनी हसले. “खर्च किरकोळ” हे मला सुचलं असतं तर मी आज श्रीमंत असते.

काय करू विचारतोस? आधी वकिलाकडे जा. आजारपणाचे शेरे मारून, तेही विक्रीच्या निमित्ताने, माणसं काढता येत नाहीत एवढं मलाही कळतं. हाच तुझा मुद्दा. कागद वकिलाच्या हाती पडू दे, मग सभागृहात जा. आणि ओरडू नकोस. तू ओरडलास की ते “श्री. हेगेले भावनेच्या भरात आहेत” म्हणतील आणि गाव मान डोलावेल.

रीळ सोबत आहे. खोक्याच्या प्रसंगात ‘तुम्ही’ ठेवून घेतलं. दिग्दर्शक आता माझ्याशी बोलत नाही. फार शांत वाटतं.

आनेग्रेट

हाल्डेनबाख, २९ मार्च

प्रिय आनेग्रेट,

वकिलाने कागद बघून शीळ घातली. मग मी सभागृहात गेलो.

दीडशे माणसं होती. खाऱ्या पावाचे ब्रेत्सेल संपले, खुर्च्या कमी पडल्या. डॉ. क्नाउप वीस मिनिटं बोलले. अमेरिकेत नफ्याला चेहरा नसतो, आपल्याकडे मालकाचा चेहरा रोज सकाळी फाटकात दिसतो वगैरे. टाळ्या पडल्या. शेरिल तिसऱ्या रांगेत बसली होती. तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या, आणि मागे माणसं उभी. मग योवांका आली आणि धपकन तिच्या शेजारी बसली.

सिनेमात खोका आला तेव्हा सुरुवातीला हशा झाला. मग मालक म्हणाला, “तुम्ही मला क्षमा करा. जगाचा रेटाच असा आहे.” हशा बंद. आनेग्रेट, हे वाक्य तू माझ्या पत्रातून उचललंस! सांगायचंस तरी. ढलाईखात्याची आख्खी रांग एकमेकांकडे बघायला लागली.

चर्चेत मी उठलो. ओरडलो नाही. म्हटलं, आज मी अमेरिकेबद्दल बोलणार नाही. आणि यादी वाचली. तारीख, नावं, शेरे, सही. माझं स्वतःचंही वाचलं. डोब्लर आपल्या गुडघ्याकडे असा बघत बसला, जणू त्यानेच चुगली केली.

डॉ. क्नाउप उभे राहिले. अगदी शांत. “श्री. हेगेले, तुम्ही थकला आहात. तुम्हाला संदर्भ माहीत नाही.”

मी म्हटलं, “ओट्टोकार, ही सही तुझी आहे की नाही, तेवढं सांग.”

सभागृहात जो आवाज झाला तो मी आधी कधी ऐकला नाही. दीडशे माणसांनी एकदम श्वास आत घेतला. यादी वाचताना कोणी घेतला नव्हता गं. मला वाटलं, आता उत्तर येईल. तर फार्मसीवाल्या बाई उठल्या. “श्री. हेगेले, हे अति झालं! डॉक्टरसाहेबांना तू?” मागून कोणी म्हणालं, “मर्यादा असते काही.” कोणी म्हणालं, “बघा, ओहायोची लागण झाली.” डॉ. क्नाउपांनी कोट उचलला, सगळीकडे वळून मान लववली आणि गेले. सहीचं राहूनच गेलं.

काल गावच्या पेपरात वाचकांची नऊ पत्रं आली. आठ माझ्या ‘तू’बद्दल. नववं सभागृहातल्या उकाड्याबद्दल.

विनफ्रीड

बर्लिन, ३ एप्रिल

प्रिय विनफ्रीड,

वाक्य चोरलं. लेखकाच्या घरात बोलायचं नसतं, मग पत्र तर लांबच.

आठ पत्रांचा किस्सा सांगून मी इथे सगळ्या स्टुडिओला पोटभर हसवलं. पण मला गावाचं काही पडलेलं नाही. अठ्ठेचाळीसांचं काय झालं, ते कळव. तुझा शूरपणा मला तोंडपाठ झालाय, डोब्लरचा गुडघा अजून अधांतरी आहे.

आनेग्रेट

हाल्डेनबाख, १७ मे

प्रिय आनेग्रेट,

उशीर झाला. लिहिण्यासारखं होतं, पण लिहवत नव्हतं.

यादी रद्द झाली. वकिलाचं एक पत्र पुरलं. ओहायोवाल्यांना कोर्टाची भीती वाटते, डॉ. क्नाउपांना कधी वाटली नाही. शेरिल म्हणाली, “ठीक. मग तुमच्या कायद्याने नवी करू. तू आणि मी.” सहा आठवडे आम्ही समोरासमोर बसलो. मी अठ्ठेचाळीसवरून एकोणीसवर आणलं. त्याखाली ती हलेना. वय, नोकरीची वर्षं, पदरी मुलं किती, याला गुण असतात. ज्याचे गुण कमी, तो जातो. गुडघा मोजायचा नसतो. डोब्लर राहिला, फाइट राहिला, श्रीमती क्लेमही राहिल्या. सगळं कायदेशीर आहे. शेऱ्यांचा रकाना नाही. तळाशी दोन सह्या आहेत, एक शेरिलची.

डॉ. क्नाउपांनी नदीपलीकडच्या गावात नवीन चित्रपट मंडळ काढलंय. पहिल्याच कार्यक्रमाला ‘मिलडेल’ लावला. म्हणे फारच गर्दी होती.

एकोणीस जणांच्या नोटिशी टपालाने पाठवायच्या असतात. मी म्हटलं, नाही, घरोघर मी जाईन, एवढं तरी करू दे. शेरिलने विचारलं, सोबत येऊ का. नको म्हटलं.

पहिलं घर डेटलेफ ग्लाट्सचं. चौतीस वर्षांचा, एकटा, पॅकिंगखात्यात चार वर्षं. आमच्या मालिकेचा एकही सिनेमा त्याने चुकवला नाही, चर्चेत नेहमी सगळ्यांत मागे उभा राहून टाळ्या वाजवतो. दार उघडलं, माझ्या हातातले लिफाफे बघितले आणि त्याचा चेहरा खुलला.

“अरे वा, विनफ्रीड! या खेपेला कुठला सिनेमा?”

विनफ्रीड